गाठोडं आणि घमेलं

६ जुलै, रवि.
मधुरा आली. जावई निखिल पोचवून गेला. पाच पिशव्या आणि माणसाएवढी लांब एक उशी. पोटाला टेकू लागतो म्हणे. नववा चालू आहे. (यापुढे म. लिहीन. हात दुखतो.)

दुपारी विहीणबाईंचा फोन. "पोचली ना? घरात बाईमाणूस नाही म्हणून म्हणते हो, बाकी काही नाही. झेपलं नाही तर लगेच कळवा. आम्ही घेऊन येऊ." म्हटलं, झेपेल. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, आणि माहेरी माझ्याशिवाय कोणी नाही ही वस्तुस्थिती. दोन्हीला इलाज नाही.

म.ने ऐकलं सगळं. म्हणाली, "बाबा, मला इथेच राहायचंय. पूर्ण तीन महिने. तिकडे सगळे चांगले आहेत, पण मला झोप लागत नाही तिथे. तुम्ही फक्त डगमगू नका."

चहाच्या वेळी: "आईनं लंगोटांसाठी पातळांचं गाठोडं बांधून ठेवलंय ना माळ्यावर? तेवढं काढा. मला दुकानातलं काही नकोय तिच्यासाठी." मुलगीच होणार असं धरून चालली आहे.

काढतो म्हटलं.

७ जुलै, सोम.
म. दुपारी झोपल्यावर शिडी लावून माळ्यावर चढलो. गाठोडं तिथे नाही हे चढायच्या आधीच माहीत होतं. तरी चढलो. गुडघा आता बोलतोय.

दोन वर्षांपूर्वी. उषाचं वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला असेल. घर आवरायचं खूळ शिरलं होतं डोक्यात. खाली बोहारीण ओरडत होती, तिला वर बोलावलं. माझ्या दोन पँटी, जुने पडदे, आणि माळ्यावरचं ते गाठोडं. चादरीत घट्ट बांधलेलं, वर सुतळी. चिंध्या असतील म्हणून उघडलंही नाही. त्यावर स्टीलचं मोठं घमेलं घेतलं, दोन कड्यांचं. चांगलं मिळालं असं वाटलं होतं. तेव्हापासून बाथरूममध्ये आहे.

उषा तीस वर्षं शाळेत सुती पातळं नेसून गेली. जे विरायला येई ते धुऊन बाजूला ठेवी. कशासाठी ते बोलली असणारच. मी ऐकलं नसणार.

८ जुलै, मंगळ.
लक्ष्मी रोड. तीन दुकानं. पहिल्यात मलमल नव्हती. दुसऱ्यात होती, पण खळ इतकी की पुठ्ठा वाटावा. बाळाच्या कातडीला चालेल इतकी जुनी व्हायला तिला दोन वर्षं लागतील, तोवर बाळ शाळेत जाईल. तिसऱ्यातला काउंटरवरून मान वर न करता: "लंगोटाला? आजोबा, डायपर नावाची वस्तू निघालीये." म्हटलं, मला कापड हवंय. "बाहेर पाटी वाचलीत का? शालू-पैठणी लिहिलंय. शालूचे लंगोट करणार असाल तर दाखवतो."

परत. बसमध्ये उभ्यानेच.

म.: "सापडलं का गाठोडं?" — "धूळ फार आहे माळ्यावर. काढतो सावकाश."

९ जुलै, बुध.
आज जुना बाजार भरतो. बोहारणी तिथेच माल मांडून बसतात. त्यातली माझी कोणती, चेहरा आठवेना. चार जणींना विचारलं. चौथी बरी निघाली, निदान हसली नाही.

"दोन वरसं झाली म्हनता? काका, सुती पातळ एक दिस टिकत न्हाई. कारखान्यावाले उचलत्यात, मशिनी पुसाया. मऊ असतंय ना, तेल चांगलं पितंय. ते कवाच काळं झालं असंल बघा."

मग म्हणाली, "कुनाची व्हती?" बायकोची म्हटलं. तिने मागच्या ढिगात हात घालून एकेक काढायला सुरुवात केली. विरलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. अकरा मिळाली. "ही बी कुनाच्या तरी बायकोचीच हायेत," म्हणाली.

येताना रिक्षात ठरवलं. म.ला दाखवायचीच नाहीत. फाडून टाकायची आधी. लंगोट झाल्यावर कोण ओळखतंय.

१० जुलै, गुरु.
म. तपासणीला गेली निखिलबरोबर, तेवढ्यात उरकलं. अकराही पातळं धुण्याच्या सोड्यात उकळली. तीनदा. कुठल्या घरची, कुणाच्या अंगावरची, काही माहीत नाही. सोडा मापाने घालायची सवय चाळीस वर्षांची (कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत दुसरं केलं काय), पण आज हात सैल सोडला. भिजवली त्याच घमेल्यात. दुसरं एवढं मोठं भांडं घरात नाही.

काठ काढून टाकले, बाळाला टोचतात. एक छेद दिला की कापड धाग्यावर सरळ फाटत जातं.

म. आली तेव्हा चौकोनांचा ढीग. "अहो बाबा, मला बघायची होती ना ती! फाडलीत पण?" म्हटलं, वेळ कुठे आहे आता. तिने एक चौकोन उचलून गालाला लावला.

१२ जुलै, शनि.
तळमजल्याच्या सुलभाताई शिवायला बसल्या. तिकोनी लंगोट, कंबरेला नाड्या. त्यांचं मशीन आमच्याकडे आणलं. उषाशी वीस वर्षांचा घरोबा.

म. आत पडली होती. सुलभाताईंनी एक तुकडा उजेडाला धरला. "उषाताईंनी हिरवं कधी नेसल्याचं आठवत नाही मला."

"असेल एखादं," मी म्हटलं.

"असेल," म्हणाल्या आणि पायडल मारायला लागल्या. जाताना दाराशी: "माझी आजी म्हणायची, बाळाला जुनं घालावं, पण कुणाचं ते ठाऊक असावं." आवाज हळू होता. मी लिफ्टचं बटण दाबून दिलं.

एकूण लं. ४८. दुपटी ९.

१९ जुलै, शनि.
सकाळी सव्वासातला मुलगी. दोघी ठीक. म.चं भाकीत खरं. बाळाची हनुवटी उषाची. मी नर्सला सांगायला गेलो, ती "हो का" म्हणाली आणि पुढे गेली. आणखी कुणाला सांगावं कळेना.

२३ जुलै, बुध.
घरी आलो. तेल लावायला आणि अंघोळीला बाई येतात सकाळी, बाकी सगळं मी. डिंकाचे लाडू सुलभाताईंकडून. अळीवाची खीर मी केली, खाली लागली.

पहिल्या दिवसाचे लं. २३. एवढ्याशा जीवात एवढं पाणी येतं कुठून.

म. प्रत्येक लंगोट बांधायच्या आधी नाकाशी नेते. "आईचा वास येतोय का बघते. सोड्याचाच येतो."

"धुऊन गेला असेल," मी.

"हा ठिपक्यांचा. कधी नेसायची हे? आठवत नाहीये मला."

"शाळेत नेसायची," म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं. एक खोटं पचलं की दुसऱ्याला वाट विचारावी लागत नाही.

२७ जुलै, रवि.
झड लागली आहे. गॅलरीत तीन दोऱ्या, बैठकीत दोन, पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठी. काही म्हणता वाळत नाही. सुलभाताईंनी शेगडी दिली, निखाऱ्यांवर बुरुडाची टोपली पालथी घालायची, तिच्यावर लंगोट पसरायचे. उषाची आई असंच करायची, आठवलं. पंधरा मिनिटांत आठ वाळतात. वर ओव्याची धुरी मिळते फुकट. उरलेल्यांवर इस्त्री.

निखिल येऊन गेला. "बाबा, तुम्ही किती करता!" असं इंग्रजीत म्हणाला आणि ओल्या लंगोटाखालून वाकून गेला. मुलगा चांगला आहे. त्याला एक खुर्ची मोकळी करून द्यायला हवी होती.

कंबर धरली आहे.

३१ जुलै, गुरु.
बाळाला मागे लाल पुरळ. सकाळी थोडं होतं, संध्याकाळी मांड्यांपर्यंत. लंगोट बांधला की कळवळते. तो आवाज मला सहन होत नाही. आज मी चारदा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

घामामुळे असेल. ओलीमुळे असेल. की त्या पातळांमुळे? तीनदा उकळलीत. रोज सोडा घालतोच आहे. उद्यापासून आणखी.

२ ऑगस्ट, शनि.
पुरळ वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोकळं ठेवा, मलम लावा, आणि कपडे धुता कशात ते बघा.

विहीणबाई आल्या, दोन मोठी पाकिटं डायपर घेऊन. शेगडी बघितली, दोऱ्या बघितल्या, बाळाला उघडं करून बघितलं. मग मला बाजूला घेऊन (बैठकीत बाजू अशी उरलेली नाही): "तुमचे कष्ट दिसतात हो. पण ही जुनीपानी फडकी कशाला? हौस म्हणून ठीक आहे. पुढच्या रविवारपर्यंत बरं झालं नाही, तर मी दोघींना घेऊन जाते. बारसं आमच्याकडेच आहे नाहीतरी."

बोलल्या त्यात चुकीचं काही नव्हतं. त्याचाच राग आला.

म. आतून सासूला: "आई, ती फडकी नाहीत. माझ्या आईची पातळं आहेत."

मी दोरीवरचे सुकलेले काढायला गेलो. सुकलेले नव्हते.

४ ऑगस्ट, सोम.
डॉक्टरीणबाईंचं वाक्य दोन दिवस डोक्यात. धुता कशात ते बघा. आज कपाटातून निवृत्तीच्या वेळी आणलेली लिटमसची चोपडी काढली. जुनी, पण डबीत कोरडी होती.

तिसऱ्यांदा खळबळलेलं पाणी घेतलं, नितळ दिसत होतं. तांबडा कागद बुडवला. निळा. चौथं पाणी, निळा. वाळलेला, इस्त्री केलेला लंगोट थेंबभर पाण्याने ओला करून त्यावर कागद दाबला. तोही निळा.

सोडा. कापडात सोडा राहतोय. बाळाने ओलं केलं की तो सुटतो आणि कातडी खातो. पहिल्या वर्षाच्या पोरांना चाळीस वर्षं ओरडून सांगत आलो, अल्कली हाताला लागू देऊ नका, लगेच धुवा. आणि नातीला त्यातच गुंडाळून ठेवलं.

कापडाचा दोष नाही. पातळं अनोळखी बायकांची होती म्हणून मी सोडा ओतत राहिलो. उषाची असती तर साध्या साबणात धुतली असती.

५ ऑगस्ट, मंगळ.
सकाळीच सगळे लं. साध्या पाण्यात भिजवले. सहा वेळा खळबळून शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. कागद तांबडा राहिला. तेव्हा म.ला सांगितलं. आधी हसली. "बाबा, तुम्ही लंगोटांवर प्रयोग केलात?" किती दिवसांनी हसली. मग बाळाला खांद्यावर घेऊन म्हणाली, "पण एवढा सोडा कशाला घातलात? आईची तर होती. स्वच्छच होती की."

कुकर लावायचाय म्हटलं. कुकर झालेला होता. शिट्ट्या तिनेच मोजल्या होत्या.

६ ऑगस्ट, बुध.
पुरळ उतरतंय. मांड्यांवरचं गेलं. बाळ दुपारी सलग तीन तास झोपलं, म.सुद्धा. घरात इतकी शांतता की निखारा फुटलेला ऐकू आला.

म.ने आज लंगोट नाकाशी नेला नाही. बघत बसली नुसती. हिरवा होता.

मी दमलोय. धुण्याने नाही. धुणं दोन तासांत संपतं.

८ ऑगस्ट, शुक्र.
सांगितलं.

दुपारी तीनला. ती बाळाला पाजून उठली होती. मी दारात, हातात पिळलेले लं. बसायचंही सुचलं नाही.

"गाठोडं बोहारणीला दिलं मी. वर्षश्राद्धानंतर. उघडून पाहिलं नाही."

"कशावर?"

"घमेल्यावर."

"ह्या?"

घमेलं मागेच होतं, भिजत घातलेलं. त्याच्याकडे बघत राहिली. मग, "आणि ही कुणाची?"

"माहीत नाही. जुन्या बाजारातली."

रडेल असं वाटलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई दर दिवाळीला एक टाकायची त्यात. मला दाखवून टाकायची. हे मऊ झालंय बघ मधू, म्हणायची." मग: "पातळं गेली त्याचं एवढं नाही बाबा. तुम्हाला माहीत नव्हतं, ठीक आहे. पण मी रोज वास घेत होते. आणि तुम्ही समोर उभे होतात."

बाळ उठलं. मी लंगोट दिला. तिने घेतला आणि बांधला. आणखी काय करणार.

९ ऑगस्ट, शनि.
बोलली नाही. म्हणजे बोलली: मीठ द्या, दार लावा, बाईंना उद्या लवकर या म्हणावं. जेवली नीट.

बाळाचं अंग साफ. विहीणबाईंची अट आता उरली नाही. पण त्या उद्या येतायत ते येतायतच. निखिलही. गाडी घेऊन.

संध्याकाळी सुलभाताई डोकावल्या. माझा चेहरा बघून, "कळलं का तिला?" मान हलवली. "बरं झालं," म्हणाल्या. "मला पोटात ठेवून ठेवून अजीर्ण झालं होतं." शिऱ्याचा डबा ठेवून गेल्या.

म.ने शिरा खाल्ला. मला विचारलं नाही खाल्लात का. एरवी विचारते.

१० ऑगस्ट, रवि.
पाऊस. सकाळी सहाला धुणं. लं. ३१. सहा पाणी, शेवटी कागद, तांबडा. शेगडीचे कोळसे संपलेत, काल आणायचे राहिले.

आठ वाजता म.ची मोठी बॅग पलंगावर उघडी दिसली. त्यात दुपटी घडी करून ठेवलेली. पण दुपटी रोजच कुठेतरी घडी करून ठेवावी लागतात, आणि कपाट भरलेलं आहे. ती लांब उशी अजून पलंगावरच. ह्यावरून काही ठरवता येत नाही. मी मात्र सकाळपासून दुसरं काही करत नाहीये.

विचारावं, राहतेस का? विचारायचा तोंडाला अधिकार राहिलेला नाही.

ते अकराला येतील. आता सव्वानऊ.

मघाशी बाळाला खांद्यावर घेऊन बैठकीत आली. दोऱ्यांखालून वाकून, माझ्या समोर उभी राहिली. दोन दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडे. वाटलं, आता सांगेल.

"बाबा, लंगोट वाळले का?"

न्यायला हवेत की इथेच बांधायला, कळलं नाही. चेहऱ्यावरून कळेल म्हणून बघितलं. चेहरा उषाचा. तिच्याही चेहऱ्यावरून मला कधी काही कळलं नाही.

"ओले आहेत," म्हटलं. ओलेच आहेत. ह्या हवेत संध्याकाळपर्यंत वाळायचे नाहीत, आणि ओले लंगोट बॅगेत भरत नाहीत. हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक असणार. नुसतं बसून राहिलो तरी आजचा दिवस निघेल.

ती तिथेच उभी आहे, बाळाची पाठ थोपटत.

इस्त्री लावली तर अकरापर्यंत एकतीसही होतील. पाट काढलाय, चादर घातली आहे. इस्त्री तापत ठेवली.